मानवी हक्कांचा जाहीरनामा आणि भारतीय कायदा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्वातंत्र्याला सोळा महिनेही पूर्ण झाले नव्हते, तेव्हा १० डिसेंबर १९४८ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. ४८ राष्ट्रांनी पाठिंबा दिला, ८ तटस्थ राहिली, विरोधी मत एकही पडले नाही. मसुदा तयार करणाऱ्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या व पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द काढून ‘सर्व मानव’ असा शब्द आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ते योग्यच आहे. परंतु डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हा येथे अंमलबजावणीविषयक कार्यगटाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते, याची आठवण क्वचितच काढली जाते. हक्क मोडला गेल्यास दाद कोठे मागायची, हा त्या कार्यगटापुढील प्रश्न होता. भारतीय कायद्याने या प्रश्नाचे उत्तर कसे दिले, हे येथे तपासायचे आहे.

राज्यघटना व करार :
जाहीरनाम्यातील अनेक हक्क १९५० च्या राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून आढळतात. मात्र आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर बाळगण्याचे तत्त्व कलम ५१ मध्ये, म्हणजे न्यायालयामार्फत अंमलात न आणता येणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत घातले गेले. करारांना कायद्याचे रूप देण्याचा अधिकार कलम २५३ ने संसदेला दिला. संसदेने तो जपूनच वापरला. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण बेकायदा अटकेबद्दल नुकसानभरपाईचा हक्क आपल्या कायद्यात नाही, असे त्याच वेळी नोंदवून ठेवले. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये स्वाक्षरी झाली. अनुसमर्थन झालेले नाही.

न्यायालयांचा मार्ग :
संसदेने सोडलेली जागा न्यायालयांनी भरून काढली, असे सांगितले जाते. १९९३ च्या निलाबती बेहरा खटल्यात कोठडीतील मृत्यूबद्दल भरपाई देताना सर्वोच्च न्यायालयाने याच कराराचा आधार घेतला. १९९७ च्या विशाखा निकालात स्त्रियांविषयीच्या करारावरून मार्गदर्शक नियम आखले. त्यांना कायद्याचे रूप येण्यास २०१३ उजाडले. ही कामगिरी मोठी आहे, परंतु न्यायाधीशांच्या दृष्टीवर अवलंबून राहणारा हक्क भक्कम नसतो. १९७६ मध्ये, आणीबाणीत, स्थानबद्धांना दाद मागता येत नाही असे बहुमताने ठरले. जाहीरनाम्याच्या कलम ८ व ९ चा आधार घेणारे न्या. ह. रा. खन्ना अल्पमतात राहिले.

बडोद्याचा अनुभव :
बडोद्याच्या लहरीपुरा दरवाजाजवळील न्यायमंदिरात २०१८ पर्यंत जिल्हा न्यायालय भरत असे. सामान्य माणसाला जवळचे दार तेच. पण पोलिसांनी बेकायदा डांबले म्हणून तेथे भरपाईचा दिवाणी दावा लावल्यास १९६५ च्या कस्तुरीलाल निकालातील शासनाचे सार्वभौम संरक्षण आड येऊ शकते. निलाबती बेहरा निकालाचा लाभ घेण्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागते.

याच शहरात १ मार्च २००२ रोजी बेस्ट बेकरीत १४ जणांचे बळी गेले आणि २७ जून २००३ रोजी सर्व २१ आरोपी सुटले. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. पीडितांच्या बाजूनेही अपील झाले आणि १२ एप्रिल २००४ रोजी महाराष्ट्रात फेरखटल्याचा आदेश निघाला. २००६ मध्ये मुंबईत ९ जणांना जन्मठेप झाली. उच्च न्यायालयात २०१२ मध्ये चौघांची कायम राहिली. आयोगाचा उपयोग येथे दिसतो आणि मर्यादाही. त्याला शिफारस करता येते, न्यायालयात जाता येते. बंधनकारक आदेश देता येत नाही.

समारोप :
भारताने जाहीरनामा परक्यांकडून उसना घेतला नाही. तो घडवण्यात त्याचा वाटा होता. म्हणूनच अंमलबजावणीतील उणीव अधिक खटकते. भरपाईचा स्पष्ट वैधानिक हक्क, छळविरोधी कायदा व आयोगाला बंधनकारक अधिकार, या तीन गोष्टी संसदेच्या हाती आहेत. ‘सर्व मानव’ हे शब्द दाद मागण्याच्या पहिल्याच दारात उपयोगी पडतील, तेव्हाच जिनिव्हातील प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणता येईल.