ब्राउझरला किती शहाणे करायचे?

रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्सचा जयघोष चालू असतानाच डिसेंबर २०२५मध्ये त्यांत एक भयंकर चूक उघड झाली. ब्राउझरकडून आलेली विनंती उलगडणाऱ्या कोडमध्येच ती होती; लॉगिन न करताही कुणा परक्याला सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. गांभीर्याच्या मोजपट्टीवर तिला दहापैकी दहा गुण पडले. चूक दुरुस्त झाली. मला खटकते ती तिच्यामागची हौस: ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सीमा प्रोग्रॅमरला जाणवूच नये ही. ‘रिच इंटरनेट अ‍ॅप्लिकेशन’ हे नाव मॅक्रोमीडियाने २००२मध्ये रूढ केले, तेव्हापासून ही हौस फिटलेली नाही. पुढे फ्लॅशवर चालणारे फ्लेक्स, मागे पीएचपी ही जोडी एएमएफपीएचपीने जमवली आणि दूरच्या सर्व्हरवरचे फंक्शन घरातलेच वाटू लागले. पण ग्राहकाचा क्लास दोन भाषांत दोनदा लिहावा लागे. पीएचपीत एखादे फील्ड वाढवून फ्लेक्सच्या अ‍ॅक्शनस्क्रिप्टमध्ये विसरले, की त्यातली माहिती गुपचूप गळे. २०२०च्या अखेरीस फ्लॅश संपले, दुहेरी लिखाण मात्र रिअ‍ॅक्ट आणि जेसनच्या जोडीने चालूच राहिले.

सर्व्हरकडून तयार एचटीएमएल आणून पानात बसवणाऱ्या एचटीएमएक्सने या दुहेरी लिखाणाच्या दुखण्याच्या मुळालाच हात घातला, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे. बिलातली एक ओळ घ्या. नग दोनाचे पाच केले, की तेवढाच आकडा सर्व्हरकडे जातो. पीएचपी डेटाबेसमधून दर काढते, सवलत वजा करते, जीएसटी लावते आणि त्या ओळीचे तयार एचटीएमएल परत देते. ते जुन्या ओळीच्या जागी बसते. कराचा नियम एकाच फाइलमध्ये राहतो. रिअ‍ॅक्टमध्ये हा हिशेब बहुधा ब्राउझरमध्ये होतो, आणि ब्राउझरच्या आकड्यावर विसंबता येत नाही म्हणून सर्व्हरवर पुन्हा करावा लागतो. आता १.००५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत आणून पाहा: जावास्क्रिप्टचे टूफिक्स्ड १.०० देते, पीएचपीचे राउंड १.०१. पडद्यावरचे बिल आणि छापील बिल जुळत नाही ते असे. लाराव्हेलचे लाइव्हवायर मला अर्धेच पटते. कंपोनंटची स्थिती ब्राउझरकडे देऊन पुन्हा परत घेताना ते सीमा धूसर करतेच.

नेटवर्क सुस्त असेल तर प्रत्येक बदलाला सर्व्हरची वाट पाहावी लागेल, हा आक्षेप खरा आहे. पण जेसनचीही वाट पाहावीच लागते, आणि त्याआधी जावास्क्रिप्टचा मोठा ढीग उतरवून घ्यावा लागतो तो वेगळाच. फिग्मासारखे रेखाटनाचे साधन किंवा नेटशिवाय चालणारे अ‍ॅप यांना भक्कम क्लायंट हवाच, यात वाद नाही. कचेऱ्यांचे काम मात्र अर्ज, याद्या, बिले आणि मंजुऱ्यांचे असते. तिथे सर्व्हरने एचटीएमएल द्यावे हाच नियम असावा, आणि ज्याला रिअ‍ॅक्ट हवे त्याने आधी त्याची गरज सिद्ध करावी. आज पुरावा मागितला जातो तो नेमका साधेपणा सुचवणाऱ्याकडे, आणि हे आधी थांबले पाहिजे.