टेबलावर काहीच न मागणारी

बोलणी सुरू व्हायच्या आधीच भांडण पेटतं, आणि तेही एखाद्या गावावरून किंवा किल्ल्यावरून नाही, तर खोलीत कोण बसणार यावरून. 'स्कायरिम'मधल्या तहपरिषदेची ही सुरुवात मला त्या अवाढव्य गेममधली सगळ्यात पक्की राजकीय जागा वाटते. गुहा धुंडाळण्यात, ड्रॅगनच्या हाडांचं चिलखत घालून मिरवण्यात माणसं इथे शेकडो तास घालवतात. 'सीझन अनएन्डिंग' नावाच्या या क्वेस्टमध्ये मात्र परिषदभर तलवार म्यानातच राहते. डोंगरमाथ्यावरचा एक मठ, त्यात लांबलचक टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं, आणि तुमच्यासाठी मोकळी ठेवलेली खुर्ची. स्क्रीनवर तुम्हाला काम दिलेलं असतं ते एवढंच: आपल्या जागेवर बसा.

गेम न खेळलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. बेथेस्डा गेम स्टुडिओजचा हा गेम 11 नोव्हेंबर 2011 रोजी आला. 'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतला तो पाचवा. स्कायरिम हा साम्राज्याचा उत्तरेकडचा बर्फाळ प्रांत. कथेच्या काळाआधी सव्वीस वर्षं, चौथ्या युगाच्या 175 साली, साम्राज्यानं एल्फांच्या सत्तेपुढे नमतं घेऊन 'व्हाइट-गोल्ड' तह केला. त्या तहानं टॅलोस या देवाच्या पूजेवर बंदी आली, आणि टॅलोस म्हणजे इथल्या नॉर्ड लोकांचा प्राण. बंदीची अंमलबजावणी पाहायला एल्फांची थॅलमोर ही संघटना साम्राज्याच्या मुलखात मोकाट फिरू लागली. अल्फ्रिक स्टॉर्मक्लोक या सरदारानं बंड पुकारलं, राजा टोरिगला द्वंद्वात मारलं आणि यादवी पेटली. एका बाजूला अल्फ्रिक, दुसऱ्या बाजूला साम्राज्याचा जनरल टुलियस. या गदारोळात जग गिळायला निघालेला ऑल्डुइन नावाचा ड्रॅगन परत येतो. त्याचा ठावठिकाणा कळण्यासाठी दुसरा एक ड्रॅगन जिवंत पकडायला हवा, त्यासाठीचा सापळा आहे तो व्हाइटरनच्या राजवाड्यात, आणि तिथला सरदार बालग्रूफ सरळ म्हणतो की युद्ध चालू असताना मी घरात ड्रॅगन घेणार नाही, दोघांपैकी कोणीतरी तेवढ्यात माझ्या वेशीवर येऊन उभा राहील. त्याचं चुकतंय असं म्हणता येत नाही. म्हणून हा तह. कायमचा नव्हे, ड्रॅगनचं निस्तरेपर्यंतचा.

तर खुर्चीचं भांडण. टुलियसबरोबर एलेनवेन आलेली आहे, थॅलमोरची राजदूत. तिला पाहताच अल्फ्रिक उसळतो: टॅलोसभक्तांची शिकार करणाऱ्यांच्या म्होरकीला इथे आणून आमचा अपमान करता? एलेनवेनचं उत्तर कायद्याच्या भाषेत येतं. इथे ठरेल त्यातून व्हाइट-गोल्ड तहाचा भंग होत नाही ना, एवढं पाहायला मी आले आहे, तो माझा हक्कच आहे. टुलियस म्हणतो, माझ्या बाजूनं कोण बसेल ते तू ठरवू नकोस. मठाचा म्हातारा आर्नगीर वैतागतो, कारण बोलणी कशी करायची याचीच बोलणी करत बसलो तर पहाट होईल. आणि मग सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. बाईला ठेवायचं की घालवायचं, ते तुम्ही सांगा.

इथे बहुतेक खेळणारे पटकन उत्तर देतात. अल्फ्रिक आवडत असेल तर घालवा, साम्राज्य आवडत असेल तर ठेवा. मीही तसंच दिलं होतं. पण याच गेममध्ये आधी येणारी एक फाइल वाचलेली असेल, तर हा साधा प्रश्न घशात अडकतो.

ती फाइल एलेनवेनच्याच वकिलातीत मिळते. वकिलातीतल्या मेजवानीत तुम्ही पाहुणे असल्याची बतावणी करून शिरता, दारात एलेनवेन स्वतः पाहुण्यांचं स्वागत करते, तुम्ही गर्दीतून सटकून आतल्या खोल्यांमध्ये जाता आणि एका पेटीत काही कागद हाती लागतात. त्यात एक अल्फ्रिकवरचा आहे. मजकूर रुक्ष, सरकारी, कुठेही आवाज न चढवणारा. व्हाइट-गोल्ड तहाआधीच्या, एल्फांशी झालेल्या महायुद्धात अल्फ्रिक थॅलमोरच्या हाती सापडला होता. त्याची 'चौकशी' झाली. साम्राज्याची राजधानी पडली ती तुझ्याच तोंडून गेलेल्या माहितीमुळे, असं त्याच्या मनावर बिंबवण्यात आलं. प्रत्यक्षात तो फुटण्याआधीच राजधानी पडलेली होती. मग त्याला निसटू देण्यात आलं. आणि चौकशी करणारी व्यक्ती कोण? आज जी थॅलमोरची राजदूत आहे, तीच.

आता पुन्हा त्या टेबलाशी या. अल्फ्रिक तिला पाहून उसळतो, पण टॅलोसचं नाव घेऊन. तुरुंगाबद्दल, छळाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. इतक्या वर्षांपासून आपण फितूर आहोत या समजुतीचं ओझं वाहणारा माणूस, ते ओझं लादणारी बाई चार हातांवर बसलेली असताना, धर्माच्या नावानं ओरडतो. सार्वजनिक कारण आणि खासगी जखम यांच्यामधलं हे अंतर लेखकांनी एका शब्दानंही दाखवलेलं नाही. कॅमेरा जवळ जात नाही, संगीत बदलत नाही. कळलं तर कळलं. राजकीय नाट्यात असा संयम मी चांगल्या चांगल्या सिनेमांत पाहिलेला नाही, आणि तो एका अशा गेममध्ये सापडावा जिथे रस्त्यावरचे पहारेकरी गुडघ्याला लागलेल्या बाणाची तीच ती कहाणी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतात!

फाइलमध्ये याहून महत्त्वाचं वाक्य पुढे आहे. थॅलमोरला अल्फ्रिकचा विजय नको आहे. साम्राज्याचाही नको आहे. युद्ध चालत राहावं, दोघांनी एकमेकांना झिजवावं, हाच त्यांचा फायदा. गेमच्या अगदी पहिल्या प्रसंगाचाही तिथे उल्लेख येतो. हेल्गेन गावी अल्फ्रिकचं मुंडकं उडवण्याची तयारी झालेली असते. तोंड बांधलेला अल्फ्रिक आणि तुम्ही एकाच गाडीतून तिथे पोचता, आणि टुलियसशेजारी घोड्यावर बसलेली एलेनवेन ओझरती दिसून जाते. तेव्हा वाटतं, मारायला आली असणार. फाइल सांगते की अल्फ्रिक तिथे मेला असता तर साम्राज्य जिंकण्याची शक्यता फार वाढली असती, आणि ते थॅलमोरला परवडणारं नव्हतं.

म्हणजे या परिषदेत एकच व्यक्ती अशी आहे जिची काहीही मागणी नाही. अल्फ्रिकला मुलूख हवा आहे, टुलियसला बदल्यात मुलूख हवा आहे, बालग्रूफला शांतता हवी आहे, तुम्हाला ड्रॅगन हवा आहे. एलेनवेन नुसती बसलेली असते, थोरल्या-धाकट्याच्या वाटणीत दोघांनाही कोर्टकज्जासाठी पैसे पुरवणारा सावकार ओटीवर निवांत पान लावत बसावा, तशी. तुम्ही तिला बाहेर काढलंत तरी तिचं काही बिघडत नाही. जाता जाता ती ऐकवते की स्कायरिमवर जे कोणी राज्य करील त्याच्याशी थॅलमोर व्यवहार करील, तुमच्या यादवीत ढवळाढवळ करणं आमच्या स्वप्नातही येणार नाही. फाइल वाचलेल्या माणसाला हे ऐकून हसावं की टेबल उलथवावं कळत नाही. गेममधले खलनायक सहसा आपला बेत स्वतःच फोडतात, शेवटच्या लढाईआधी भाषण ठोकतात. ही बाई सभ्यपणे खोटं बोलते आणि दार ओढून घेते.

अल्फ्रिकच्या समोरच्या बाजूचं दुःखही कमी नाही. एलिसिफ ही मारल्या गेलेल्या राजाची तरुण विधवा. नवऱ्याच्या मारेकऱ्यासमोर तिला बसवलेलं आहे. अल्फ्रिक पहिली मागणी मार्कार्थची करतो तेव्हा ती भडकते, आणि टुलियस तिलाच आवरतो. राणीपदावर जिचा दावा, तिला तिच्याच बाजूचा सेनापती गप्प करतो. साम्राज्याला ती कशासाठी हवी आहे ते तेवढ्यात दिसून जातं. जागेचीही एक गंमत आहे. ज्या मठात हे सगळं चाललंय, तिथे अल्फ्रिक लहानपणी शिकायला होता. शब्दोच्चारातून शक्ती जागवण्याची जी विद्या त्याला इथल्या वृद्धांनी ध्यानासाठी दिली, तीच वापरून त्यानं राजाला मारलं. शाळेत परत आलेला हा विद्यार्थी गुरूंच्या डोळ्याला डोळा देत नाही, निदान मला तरी कधी देताना दिसला नाही. पण या गेममधल्या पात्रांच्या माना जशा लाकडी वळतात, त्या पाहता याचं श्रेय लेखकाला द्यावं की जुन्या गेम इंजिनला, ते मी सांगणार नाही.

मार्कार्थच का, यालाही इतिहास आहे. महायुद्ध संपल्यावर वर्षभरातच अल्फ्रिकनं ते शहर बंडखोरांकडून परत जिंकून दिलं होतं, टॅलोसची पूजा खुली ठेवाल या अटीवर. वचन दिलं गेलं, थॅलमोरला सुगावा लागला, वचन मोडलं गेलं आणि अल्फ्रिक तुरुंगात गेला. एलेनवेनच्या फाइलीत त्या घटनेची नोंद आपल्या फायद्याची म्हणून आहे. तेव्हा अल्फ्रिक मार्कार्थ मागतो ते चांदीच्या खाणींसाठी असेलही, पण मागणीत जुना हिशेब चुकता करण्याची ठसठस आहे.

बदल्यात काय द्यायचं हे पुन्हा तुमच्यावर येतं. रिफ्टनचं नाव पुढे येतं. पुढे आणखी एखादा परगणा, कत्तलीची भरपाई, थोडी बाचाबाची. हा मधला भाग मला कोरडा वाटतो. नकाशावरची नावं इकडून तिकडे सरकतात आणि जो खूश व्हायचा तो होतो, दुसरा धुसफुसतो. त्याची खरी किंमत कळते ती नंतर. काही दिवसांनी काही सामान विकायला तुम्ही रिफ्टनमध्ये शिरता, आणि सरदाराच्या आसनावर मेव्हन ब्लॅक-ब्रायर बसलेली असते, मद्याचा धंदा आणि चोरांची टोळी एकाच मुठीत ठेवणारी बाई. मार्कार्थमध्ये खाणींचे आणि तुरुंगाचे मालक असलेल्या सिल्व्हर-ब्लड घराण्याचा माणूस गादीवर आलेला असतो. टेबलावर तुम्ही 'शहर' म्हणून जे उचलून दिलंत त्यात माणसं राहत होती आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. गेम यावर भाष्य करत नाही. नुसता दरबार बदलून ठेवतो.

बोलणी मोडायच्या बेताला येतात तेव्हा एस्बर्न उठतो. थॅलमोरनं ज्यांना वेचून वेचून मारलं त्या ब्लेड्स संघटनेतला हा जवळपास शेवटचा म्हातारा. तुमच्या या निरर्थक युद्धात पडणाऱ्या प्रत्येक सैनिकाचा आत्मा खाऊन ऑल्डुइन माजतो आहे, हे तो तोंडावर सुनावतो. आवाज माक्स फॉन सिडो या स्वीडिश नटाचा, बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळलेल्या माणसाचा. आर्नगीरला आवाज ख्रिस्तोफर प्लमरचा. असे दोन नट एका खोलीत मिळाल्यावर लेखकानं त्यांना आणखी चार वाक्यं द्यायला हवी होती, ही माझी जुनी तक्रार.

याहून मोठी तक्रार दुसरी. तुमच्या झोळीत ती फाइल असते. समोर अल्फ्रिक असतो, एलेनवेन असते, टुलियस असतो. आणि ती फाइल टेबलावर टाकण्याचा पर्यायच गेममध्ये नाही. संवादाच्या यादीत ते वाक्य कधी येतच नाही. इतकंच नाही, तर तुम्ही काहीही निवडलंत तरी तह होतोच. बोलणी फिसकटू शकत नाहीत. ज्या वाटाघाटी फसूच शकत नाहीत त्यांना वाटाघाटी म्हणावं का, असा आक्षेप घेणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. लेखकांनी जाणूनबुजून तुम्हाला मुकं ठेवलं, असं म्हणणारेही भेटतात. माझ्या मते ते फार उदार वाचन झालं. वेळ कमी पडला असणार किंवा त्या पर्यायानं पुढची सगळी यादवी उलटीपालटी झाली असती म्हणून तो टाळला असणार. पण परिणाम विलक्षण होतो हे खरं. तुम्ही अल्फ्रिकच्या तोंडाकडे बघत बसता, तो ज्याबद्दल स्वतःला वर्षानुवर्षं दोषी मानतो ते त्यानं केलेलंच नाही हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि तुम्हाला विचारलं जातं ते एवढंच की रिफ्टन द्यायचं की नाही.

ऑल्डुइन मेला की शस्त्रसंधीचा अर्थ उरत नाही. यादवी जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू करता येते, आणि परिषदेत देऊन टाकलेली शहरं तुम्ही सैनिक म्हणून परत जिंकायला निघू शकता. एलेनवेनच्या हिशेबात हे सगळं बसतं.

पहिल्यांदा खेळणार असाल तर यादवीत कोणाच्याही बाजूनं लढायला घाई करू नका. युद्ध आधीच निकाली काढलंत तर ही परिषद होतच नाही, आणि असंख्य खेळणाऱ्यांनी ती पाहिलेलीच नाही. मुख्य कथा पुढे न्या, वकिलातीतली मेजवानी उरका, आणि तिथले कागद बाकीच्या लुटीबरोबर पिशवीत कोंबून विसरू नका. दोन मिनिटांचं वाचन आहे. मग डोंगर चढायला लागा.