एकतिसाव्या कार्यानंतर : भूमिकाखेळातील उच्च पातळीचे प्रयोजन

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांचे रूपविश्लेषण करताना पात्रांची एकतीस कार्ये मोजली. त्यांतले शेवटचे कार्य म्हणजे नायकाचा विवाह आणि राज्यारोहण. तेथे कथा थांबते, कारण त्या रूपबंधाला पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. नायक राजा झाला हे कळते. त्याने सारा किती घेतला हे कळत नाही. अद्भुताच्या एका अर्वाचीन प्रकाराने मात्र हे बत्तिसावे कार्य नियमांतच लिहून ठेवले. तो प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून बोलत खेळावयाचा भूमिकाखेळ. या खेळातील वरच्या पातळ्या निरर्थक आहेत असे जाणकार खेळाडूही म्हणतात. हे मत मला अपुरे वाटते, आणि ते का, हे येथे मांडावयाचे आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुळाशी ‘चेनमेल’ (१९७१) हा सैन्ये लढविण्याचा खेळ होता. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवितो, खेळचालक जग सांगतो, अनुभवाचे गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर जाते. पहिल्या पातळीवरचा योद्धा एका बऱ्या घावाने मरू शकतो. त्याची कथा भुयार, मशाल, दोर आणि भीती यांची असते. तिची गोडी सर्वांना मान्य आहे. आक्षेप पुढच्या भागाविषयी आहे. क्षणात कोठेही जाता येणे, मेलेल्यास उठविणे, इच्छा बोलताच ती फळणे अशा सिद्धी हाती आल्यावर अडथळा उरत नाही, आणि अडथळ्यावाचून कथा नाही. त्यात आकडेमोड वाढते ती वेगळीच.

आक्षेपाचा पहिला भाग आपल्या पुराणपरंपरेने केव्हाच निकालात काढला आहे. हिरण्यकशिपूला मिळालेला वर अमर्याद भासतो, पण तो शब्दांचा बनलेला आहे आणि शब्दांना सांधे असतात. दिवस नव्हे, रात्र नव्हे. घरात नव्हे, बाहेर नव्हे. सारी कथा त्या सांध्यांतून आत शिरते. इच्छापूर्तीच्या मंत्राचे शब्द तोलून पाहणारा खेळचालक याच परंपरेतला, हे त्याला माहीत नसले तरी. (आमच्याकडच्या कीर्तनकाराला ते माहीत असते.) शक्ती वाढली म्हणून अडथळा नाहीसा होत नाही, तो वस्तूतून भाषेत जातो.

परंतु खरा मुद्दा याहून निराळा आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात योद्धा नवव्या पातळीला पोचला की त्याला गढी बांधण्याचा, भोवतालचा मुलूख राखण्याचा आणि तेथील प्रत्येक रहिवाशामागे दरमहा सात रौप्य नाणी वसूल करण्याचा अधिकार मिळतो. हे वाक्य मला त्या पुस्तकातले सर्वांत धीट वाक्य वाटते. आतापर्यंत पार्श्वभूमीला असलेले ‘गावकरी’ येथे प्रथमच मोजले जातात. त्याच पुस्तकात वनपूजक पंथाच्या वरच्या जागा ठरावीक आहेत : एका पातळीवर नऊ, तिच्यावर तीन, सर्वोच्च एक. वर चढावयाचे तर आधीच्याला द्वंद्वात हरवून खाली पाडावे लागते. म्हणजे उच्च पातळी ही नुसती अधिक शक्ती नव्हे, ती मर्यादित जागा आहे. फ्रँक मेंट्झर यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलेल्या संचात तर राज्यकारभाराचेच नियम आहेत. प्रजेचा विश्वास ढळला की राज्यही ढळते. प्रश्न ‘मी जिवंत राहीन का’ हा न राहता ‘माझ्यामुळे कोण जिवंत राहील’ हा होतो.

मराठी वाचकाला हा पालट नवा नाही. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर साहसाने भरलेली आहे, पण अफझलखानाचा प्रसंग रंगविणारी तीच लेखणी गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस कसे नेमले हेही सांगते, आणि गडांच्या व कारखान्यांच्या याद्या देते. आपल्या अभ्यासक्रमांनी वेचा नेहमी साहसाचा घेतला, यादी वगळली. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र (सुमारे १७१५) तर सबंधच उच्च पातळीचे नियमपुस्तक म्हणावे असे आहे. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ही त्यातली शिकवण. किल्ला जिंकणाऱ्याला आंब्याचे झाड दिसत नाही. किल्ला राखणाऱ्याला ते दिसावे लागते. दृष्टीतला हा फरक साहित्यकृतीत आणणे अवघड असते. नियमांनी तो आणला हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला माळशेज घाटाच्या वाटेवर मढ हे गाव आहे. जवळ पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी, पलीकडे खिरेश्वर आणि हरिश्चंद्रगड. महादेव कोळ्यांचा हा मुलूख. खेळाची पहिली पातळी येथे सहज मांडता येईल : धुके, कडा, लेणे, एक वाट चुकलेला. पण याच सह्याद्रीत नाणेघाट आहे. तेथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि जकातीची म्हणून दाखवितात ती दगडी रांजणी आहे. पहिल्या पातळीवरचा वाटसरू तेथे नाणे टाकतो. दहाव्या पातळीवरचा नाणे किती असावे हे ठरवितो. घाट तोच, कथा मात्र एक नव्हे. दुसरी कथा खेळली गेली नाही तर रांजणी फक्त देखावा उरते.

आणि शिवनेरी. येथे १६३० मध्ये शिवाजी महाराज जन्मले. त्याच दशकात गड मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर लुटले, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, १६८० मध्ये निधन झाले. शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. छत्रपतीलाही जन्माचा गड अप्राप्य राहतो, ही घटना ‘वरच्या पातळीवर अडथळा उरत नाही’ या मताला इतिहासाने दिलेले उत्तर आहे. गडावर कोळी चौथरा दाखवितात. मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांना तेथे मारल्याचे सांगतात. त्यांची पातळी कोणती? गुणांच्या हिशेबात पहिली. उठाव मात्र सत्तेच्या प्रश्नावर होता. पातळ्यांची शिडी येथे अपुरी पडते. खालच्याला राज्याचा प्रश्न पडत नाही, तो वर चढल्यावरच पडतो, हे त्या नियमांचे गृहीतक मढसारख्या गावात उभे राहून मान्य करता येत नाही. माझ्या प्रतिपादनातला हा कच्चा सांधा मी झाकणार नाही.

पुढच्या काळात नियमांनीच आपले धाडस सोडले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत गढी आणि मुलूख हा नवव्या पातळीचा हक्क उरला नाही. अनुयायी मिळविणे ही ऐच्छिक गुणांपैकी एक निवड झाली. २००२ मध्ये विसाव्या पातळीच्या पुढचे स्वतंत्र पुस्तक निघाले, त्यात राक्षस मोठे झाले आणि आकडे मोठे झाले. २०१४ च्या आवृत्तीने चार टप्पे सांगितले, गावच्या वीरापासून जगाच्या स्वामीपर्यंत. परंतु स्वामीने जगाचे काय करावे याविषयी ती फारशी बोलत नाही. उच्च पातळीचा खेळ कंटाळवाणा, हा आक्षेप या पुस्तकांना लागू पडतो. १९७८ च्या त्या सात नाण्यांना तो लागू पडत नाही, कारण ती कोणाच्या तरी घरातून यावयाची असतात, आणि एखाद्या वर्षी पाऊस न पडल्यास टेबलापाशी बसलेल्या कोणाला तरी ती माफ करावयाची की नाही हे बोलून दाखवावे लागते.