खटल्याआधीची पाने

रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे शिक्षेपूर्वीचे उद्गार संगमरवरावर कोरलेले आहेत. १९०८ चा राजद्रोहाचा खटला आपण आठवतो तो बहुधा त्या उद्गारांपुरताच. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी सिद्ध केलेला खटल्याचा इंग्रजी वृत्तांत मात्र अधिक मागे जाऊन वाचावा लागतो. १३ जुलैला सुनावणी सुरू झाली. पण तिचा निकाल पुष्कळसा त्याआधीच्या दोन अर्जांनी घडविला, असे ही पाने वाचताना जाणवते.

पहिला अर्ज जामिनाचा. २ जुलै रोजी बॅ. जिना यांनी तो न्या. दावर यांच्यापुढे मांडला. १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले होते ते हेच दावर, आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तेव्हा जामीन मंजूरही केला होता. आता न्यायासनावरून दावर यांनी अर्ज फेटाळला. कारणे सांगणे उचित नाही, एवढेच सांगून. केळकर येथे टीकेचा एक शब्दही घालीत नाहीत. नाटककाराला सुचणार नाही असा हा विरोधाभास वृत्तांताच्या कोरड्या निवेदनातच अधिक बोचतो.

दुसरा अर्ज सरकारपक्षाचा, खास ज्यूरीसाठी. ३ जुलैला त्याला विरोध केला तो जोसेफ बॅप्टिस्टा यांनी. आपल्या समाजात ‘काका’ म्हणून परिचित असलेल्या या बॅरिस्टरांचे नाव होमरूल चळवळीच्या संदर्भात निघते. या युक्तिवादाचा उल्लेख क्वचितच होतो. त्यांचा मुद्दा साधा होता: लेख मराठीत आहेत, आणि खास ज्यूरीत मराठी न जाणणाऱ्या युरोपियनांचे आधिक्य होईल. अर्ज मंजूर झाला. ज्यूरीवर सात युरोपियन आणि दोन पारशी बसले, आणि २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. ‘केसरी’तील लेख ज्यांनी दोषी ठरविले त्यांनी ते भाषांतरातूनच वाचले. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावरून घेतलेली उलटतपासणी म्हणूनच भाषाशास्त्राची चर्चा उरत नाही; तीत एका माणसाची सहा वर्षे पणाला लागलेली असतात.

पुराव्याचेही तसेच. झडतीत सापडलेल्या एका कार्डावर स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे होती. सरकारपक्षाने ते पुढे केले. त्याचा व इतर मुद्द्यांचा खुलासा करण्यासाठी टिळकांनी आपली कागदपत्रे दाखल केली, तेव्हा शेवटचा शब्द बोलण्याचा हक्क सरकारपक्षाकडे गेला. आरोपीने कागद दाखवावा तर शेवटचा शब्द गमवावा, अशी ही कोंडी होती.

वृत्तांताची मर्यादाही सांगितली पाहिजे. केळकर टिळकांचे सहकारी होते. तटस्थ निरीक्षक नव्हेत. शिवाय मराठी लेखांवरील हा वाद इंग्रजीतूनच नोंदला गेल्याने, ज्या छटांसाठी टिळक झगडले त्या आज मूळ लेख शेजारी ठेवूनच तपासाव्या लागतात. अभ्यासकांनी मराठी मूळ, सरकारी भाषांतर आणि उलटतपासणी एकत्र छापली, तर हा ग्रंथ पुन्हा जिवंत होईल.

आज ज्यूरी नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपीला पोलीस अहवाल व जबाबांच्या प्रती चौदा दिवसांत विनामूल्य मिळायच्या आहेत. तपासात हाती आलेल्या, पण सरकारपक्ष ज्यांवर भिस्त ठेवीत नाही अशा कागदांची यादीही आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तरीही बॅप्टिस्टांचा प्रश्न संपलेला नाही. प्रत हाती आली, पण ती वाचता आली का? टिळक कायदा जाणत होते, इंग्रजी जाणत होते, त्यांच्यामागे नामांकित बॅरिस्टर होते. एवढे असूनही सुनावणीआधीच्या दोन अर्जांत ते हरले. यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या कच्च्या कैद्याचे काय होत असेल, हे या पानांवरून ताडता येते. आणि म्हणून संगमरवरावरील ओळींइतकीच ही पानेही वाचली गेली पाहिजेत.