दिल्लीचे म्युझिक व्हिडिओ आणि अश्लीलतेचा अपुरा निकष

हिंदी चित्रपटसंगीताची राजधानी मुंबई असली, तरी चित्रपटाबाहेरच्या लोकप्रिय गाण्याची, म्हणजे ज्याला कथानकाचा आधार नसतो आणि जे ऐकण्याइतकेच पाहण्यासाठी बनवले जाते अशा म्युझिक व्हिडिओची मोठी बाजारपेठ दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम या पट्ट्यात उभी राहिली. दरियागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी 1983 मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज ही कंपनी काढली, तिचा पसारा नोएडात वाढला आणि तिचीच टी-सीरिज ही वाहिनी मे 2019 मध्ये दहा कोटी वर्गणीदारांचा टप्पा ओलांडणारी यूट्यूबवरील जगातील पहिली वाहिनी ठरली. पंजाबी पॉप, हरियाणवी गाणे आणि दिल्लीच्या पोरांचे रॅप या तिन्ही प्रवाहांना याच परिसराने भांडवल, गायक आणि प्रेक्षक पुरवले. तेव्हा या व्हिडिओंत बाई कशी दाखवली जाते हा प्रश्न एका शहरापुरता उरत नाही. नागपूरच्या हळदीत आणि सोलापूरच्या वरातीत डीजेवर वाजणाऱ्या गाण्यांपैकी कितीतरी याच कारखान्यातली असतात.

या प्रश्नावर गेली तीन दशके भांडण होत आले आहे, पण ते जवळजवळ नेहमी अश्लीलतेच्या नावाने झाले आहे. 1993 मध्ये ‘खलनायक’मधील ‘चोली के पीछे’ या गाण्याविरुद्ध आर. पी. चुग या वकिलांनी दिल्लीच्या न्यायालयात दावा गुदरला, तेव्हा वाद शब्द चावट आहेत की नाहीत यावर रंगला आणि दावा टिकला नाही. मार्च 2025 मध्ये रॅपर हनी सिंग यांच्या ‘मेनिऍक’ या गाण्याविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली, तेव्हाही रोख शब्दांवर, त्यातही गाण्यातील भोजपुरी ओळींवर होता. अश्लीलतेला प्रांत नसतो, तिला भोजपुरी म्हणू नका, असे मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने याचिकाकर्त्याला सुनावले, गुन्हा वाटत असेल तर पोलिसांकडे तक्रार करण्याची वाट दाखवली आणि याचिका मागे घेतली गेली. न्यायालयाची ही समज मोलाची होती, कारण दिल्लीत बनलेल्या गाण्याचे पाप त्यात आवाज देणाऱ्या एका पूर्वांचली लोकगायिकेच्या भाषेवर ढकलले जात होते. मात्र व्हिडिओत बाईचे काय केले आहे, हा प्रश्न याही वेळी बाजूलाच राहिला.

अश्लीलता आणि वस्तूकरण ही दोन वेगळी मापे आहेत. अश्लीलतेचा विचार पाहणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होईल याचा असतो. वस्तूकरणाचा विचार जिला पाहिले जाते तिच्याशी कसा व्यवहार झाला याचा असतो. मार्था नुसबाम या अमेरिकी तत्त्वज्ञ विदुषीने 1995 च्या निबंधात माणसाला वस्तू समजण्याच्या सात रीती सांगितल्या, आणि त्यांतल्या तीन येथे फार उपयोगी पडतात: व्यक्तीला दुसऱ्याच्या हेतूचे साधन मानणे, तिच्या जागी तशीच दुसरी कोणीही चालेल असे धरणे, आणि तिला स्वतःचे काही वाटत असेल ही शक्यताच विचारात न घेणे. त्याआधी 1975 मध्ये लॉरा मल्वी यांनी चित्रपटाविषयी दाखवून दिले होते की कॅमेऱ्याची नजर, पडद्यावरील नायकाची नजर आणि प्रेक्षकाची नजर या तिन्ही एकाच दिशेला वळवल्या जातात, आणि त्यांच्या टोकाशी बाई असते.

ही उपपत्ती दिल्लीच्या ठराविक व्हिडिओवर तपासून पाहणे सोपे आहे. शहराबाहेरचे एखादे फार्महाऊस, पोहण्याचा तलाव, भाड्याने आणलेली परदेशी गाडी आणि मध्यभागी गायक. त्याचा चेहरा पूर्ण दिसतो, ओठ हलतात, तो सरळ कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो. त्याच्या भोवती चार-पाच मुली असतात, आणि त्यांच्यापैकी एकीचाही चेहरा लक्षात राहील इतका वेळ पडद्यावर टिकत नाही. कॅमेरा टाचेपासून वर सरकतो, कमरेशी रेंगाळतो आणि चेहरा येण्याच्या बेतात असतानाच दृश्य तोडून गाडीच्या बोनेटवर नेले जाते. मुलगी आणि गाडी यांना एकच प्रकाश, एकच कोन आणि जवळपास तेवढाच वेळ मिळतो. पुढच्या कडव्यात मुली बदलल्या तरी प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही, आणि नुसबाम यांच्या वरच्या तीन रीतींपैकी दुसरी ती हीच. येथे कपडे किती तोकडे आहेत हा मुद्दा दुय्यम ठरतो, कारण त्याच मुलींना डोक्यापासून पायापर्यंत झाकले तरी या संकलनाने त्यांचे जे केले आहे त्यात तिळभरही फरक पडणार नाही.

या घडणीचा एक टप्पा 2002 मध्ये ‘काँटा लगा’ने गाठला. लता मंगेशकरांनी 1972 च्या ‘समाधी’साठी गायलेले गाणे टी-सीरिजने नव्या तालात बसवले, राधिका राव आणि विनय सप्रू यांनी त्याचा व्हिडिओ केला, आणि जीन्सच्या वर डोकावणाऱ्या अंतर्वस्त्राच्या पट्टीमुळे तो घराघरांत चर्चेचा विषय झाला. शेफाली जरीवाला यांचा त्यातील चेहरा मात्र धीट आणि खोडकर होता, ती नजर चोरत नव्हती, आणि म्हणून पुढच्या दशकातील निनावी गर्दीपेक्षा तो व्हिडिओ निराळा ठरतो. दिग्दर्शनात एक स्त्री होती ही गोष्टही नोंदवायला हवी. कॅमेऱ्यामागे बाई आली की प्रश्न आपोआप सुटतो असे मानणाऱ्यांना या गोष्टीचे उत्तर द्यावे लागेल.

16 डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर दिल्ली रस्त्यावर उतरली, तेव्हा लोकांचा राग गाण्यांकडेही वळला. हनी सिंग यांच्या नावावर फिरणाऱ्या एका हिंसक गाण्यावरून ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली आणि गुरुग्राममधील हॉटेलात ठरलेला त्यांचा नववर्षाचा कार्यक्रम रद्द झाला. ते गाणे आपले नव्हेच, असे त्यांनी सांगितले. त्या वादात सारे लक्ष एका गाण्याच्या किळसवाण्या शब्दांवर खिळले आणि सौम्य दिसणारी शेकडो गाणी सहीसलामत सुटली. त्या बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर 2013 मध्ये फौजदारी कायदा दुरुस्त होऊन बाईचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. लोकप्रिय व्हिडिओचे कथानक, जेवढे काही असते तेवढे, आजही बहुधा पाठलागाचेच असते: ती नाही म्हणते, तो गाडीतून मागे फिरतो, तिसऱ्या कडव्याला ती हसते. कायद्याने ज्याला गुन्हा ठरवले त्याला गाणे प्रेम म्हणते, आणि त्यात एकही शब्द अश्लील नसल्याने कोणी तक्रारही करत नाही.

चावटपणा हाच दोष असता, तर लोकगीतांचा मोठा भाग आधी बाद करावा लागला असता. हरियाणात पुरुष वरातीला गेले की मागे राहिलेल्या बाया रात्रभर खोडिया करतात. एखादी पुरुषाचा वेष घेते, सोंगे होतात, आणि जे शब्द उच्चारले जातात ते कोणत्याही न्यायालयात अश्लील ठरतील. पण तेथे बोलणारी बाई, ऐकणारी बाई, आणि थट्टा पुरुषांची. मराठी वाचकाला बैठकीची लावणी आठवावी. शाहिरांनी, म्हणजे बहुतेक पुरुषांनीच, रचलेला शृंगार त्यात असतो, कलावंतिणींच्या जातीचे आणि पोटाचे दुखणे त्यामागे असते, ते विसरून तिचा गौरव करणे बरोबर नाही. तरीही बसल्या जागी डोळ्यांनी आणि बोटांनी अदा करणारी ती स्त्री समोरच्याला पाहत असते आणि दाद कधी घ्यायची ते ठरवत असते. सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन लावणी गात आणि गाण्यातली धग जराही कमी होत नसे. म्हणजे शृंगार आणि वस्तूकरण यांची सांगड अटळ नाही.

हरियाणवी गाण्यात आज हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. सपना चौधरी अंगभर सलवार-कमीज घालून ‘सॉलिड बॉडी’सारख्या गाण्यांवर मंचावर नाचल्या, समोर हजारो पुरुष मोबाइल उंचावून उभे असत, आणि त्या मोबाइलवरील तुकड्यांनीच त्या घरोघरी पोहोचल्या. कपड्यांत बोट ठेवायला जागा नव्हती, पण गाण्याच्या नावापासूनच व्यवहार देहाचा होता. 2020 मध्ये आलेल्या ‘52 गज का दामन’ने वेगळी वाट दाखवली. बागपतकडच्या रेणुका पंवार यांच्या खणखणीत आवाजात एक बाई स्वतःच्या घेरदार घागऱ्याचा तोरा सांगते, इच्छा तिची, चाल तिची. आणि हे गाणे यूट्यूबवर शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले. बाईला बाजूला सारल्याशिवाय गाणे खपत नाही, हा निर्मात्यांचा जुना बचाव येथे लंगडा पडतो. तरी खटकणारी एक गोष्ट उरतेच: पडद्यावर नाचतात त्या प्रांजल दहिया. आवाज एकीचा आणि देह दुसरीचा ही विभागणी चित्रपटातून आलेली असली, तरी पुरुष गायक स्वतःच्या व्हिडिओत बहुधा स्वतःच नायक असतो.

कायद्यात या विचाराचे बीज नाही असेही नाही. स्त्रियांचे असभ्य चित्रण प्रतिबंधक अधिनियम, 1986 याच्या व्याख्येत असभ्य चित्रणाबरोबरच स्त्रीला हीन लेखणारे चित्रणही स्वतंत्रपणे आले आहे, म्हणजे नग्नतेवाचूनही अपमान होऊ शकतो हे संसदेने तेव्हाच मान्य केले होते. पहिल्या गुन्ह्याला कमाल दोन वर्षे कैद आणि कमाल दोन हजार रुपये दंड. ही रक्कम आजच्या व्हिडिओच्या खर्चात कुठे दिसणारही नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमे स्पष्टपणे कक्षेत आणणारे 2012 चे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडून राहिले आणि 2021 मध्ये मागे घेतले गेले. तरी यावर उपाय म्हणून बंदीची घाई करणे धोक्याचे आहे, कारण तिचा पहिला फटका नाचणाऱ्या बाईलाच बसतो. महाराष्ट्राने 2005 मध्ये डान्सबार बंद केले तेव्हा रोजगार बारबालांचा गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती बंदी अवैध ठरवेपर्यंत आठ वर्षे गेली होती. दुसरीकडे, मार्च 2025 मध्ये हरियाणा पोलिसांनी बंदुकीचा उदोउदो करणारी गाणी यूट्यूबवरून हटवायला लावली, म्हणजे राज्याने मनावर घेतले तर व्हिडिओची चौकट बारकाईने तपासता येते. पण त्या चौकटीत बंदूकधारी नायकाशेजारी गाडीला टेकून उभी असलेली मुलगी त्या तपासणीच्या कोणत्याही रकान्यात नव्हती.