‘बुलिंगमुळे नैराश्य येते’ : सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य लिहिण्याआधी दोन पेपर नीट वाचूया

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य या विषयांत बुलिंगवर काम करायचं ठरवलं असेल, तर तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एक वाक्य जवळजवळ नक्की असेल: ‘बुलिंगमुळे किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य व चिंता निर्माण होते.’ पुढे कंसात चार-पाच परदेशी नावं. मग आपला नमुना: तालुक्यातल्या दोन शाळा, आठवी-नववीची दोनशे मुलं, दोन प्रश्नावल्या आणि शेवटी एक सहसंबंध गुणांक.

वाक्य वाचायला बरोबर वाटतं. ज्या मुलाला वर्गात रोज त्रास होतो ते दुःखी असणारच, त्यात सिद्ध काय करायचं? पण संशोधनाच्या दृष्टीने त्या वाक्यातला सगळ्यात महाग शब्द आहे ‘मुळे’. तो लिहायचा हक्क मिळवण्यासाठी या क्षेत्रातल्या लोकांनी चाळीसेक वर्षं खर्च केली आहेत, आणि अजूनही वाद संपलेला नाही. या लेखात त्यातले दोन गाजलेले पेपर घेऊ. दोन्ही चांगले आहेत. दोन्ही चुकीच्या पद्धतीने उद्धृत केले जातात. आणि दोन्हींत एकेक जागा अशी आहे जिथे तुम्ही थांबून प्रश्न विचारायला हवा.

आधी थोडी पार्श्वभूमी

या विषयाचा पाया घातला डॅन ओल्वेउस यांनी. मूळचे स्वीडनचे, पण काम केलं नॉर्वेत. 1982 च्या अखेरीस नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केली. सोबत्यांकडून झालेला छळ त्यामागे असावा असं मानलं गेलं, आणि 1983 मध्ये सरकारने देशभर मोहीम सुरू केली. म्हणजे बघा, हे क्षेत्र अगदी सुरुवातीपासून मानसिक आरोग्याच्या प्रश्नाशी बांधलेलं आहे. ओल्वेउस यांच्या व्याख्येत तीन गोष्टी येतात: हेतू, पुनरावृत्ती आणि ताकदीतला असमतोल. ही तिसरी अट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता ‘मुळे’ची अडचण. बुलिंग आणि नैराश्य एकत्र दिसले तर तीन शक्यता असतात. एक, त्रासामुळे नैराश्य आलं. दोन, मूल आधीपासूनच गप्प, घाबरलेलं होतं म्हणून ते सोपं लक्ष्य ठरलं. तीन, घरातली मारहाण, गरिबी किंवा आनुवंशिक कल अशा तिसऱ्याच कारणाने दोन्ही घडलं. दुसरी शक्यता नुसती तर्काची नाही. राइनचेस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मुलांचा काही काळ पाठपुरावा करणारे 18 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा बाण दोन्ही दिशांनी जाताना दिसला. छळ झालेली मुलं पुढे अधिक उदास होत होती आणि उदास मुलांचा पुढे अधिक छळ होत होता. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून या दोन दिशा वेगळ्या करता येत नाहीत, नमुना दोनशेचा असो की दोन लाखांचा.

पहिला पेपर : पन्नास वर्षांची सावली

ताकिझावा, मॉन आणि आर्सेनो यांचा पेपर 2014 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त आला. ब्रिटनमध्ये मार्च 1958 च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे, त्यातल्या 7771 जणांची ही माहिती. मूल 7 आणि 11 वर्षांचं असताना पालकांना विचारलं होतं की, इतर मुलं याला त्रास देतात का? उत्तरांवरून 28 टक्के मुलं ‘कधीकधी’ आणि 15 टक्के ‘वारंवार’ या गटांत आली. ज्यांना वारंवार त्रास झाला होता त्यांच्यात मधल्या वयात नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले, आणि मानसिक ताण तर पन्नाशीतही दिसत होता. बालपणातला बुद्ध्यांक, घरची आर्थिक स्थिती आणि तेव्हाचे भावनिक व वर्तनाचे प्रश्न हिशेबात धरूनसुद्धा.

हा पेपर आपल्याकडे बहुतेक ‘बुलिंगचे व्रण आयुष्यभर राहतात’ असा उद्धृत होतो. इथे दोन ठिकाणी थांबा.

पहिली जागा मापनाची. प्रश्न 1965 आणि 1969 मध्ये विचारला गेला, आणि तो मुलाला नाही तर पालकांना. आता सांगा, शाळेत काय होतं ते किती मुलं घरी सांगतात? जी सांगत नाहीत, ती या अभ्यासात ‘त्रास नाही’ या गटात बसली. उलट बाजूने, चिंताग्रस्त आईला आपल्या मुलाला सगळेच छळतात असं वाटू शकतं, आणि आईची चिंता मुलाकडे दुसऱ्या वाटेनेही जाऊ शकते. म्हणजे एकाच मापनात दोन विरुद्ध दिशांच्या चुका आहेत. शिवाय मूळ गट सतरा हजारांहून मोठा होता. विश्लेषणात उरले 7771. कोण गळालं, हा प्रश्न प्रत्येक दीर्घकालीन अभ्यासाला विचारायचाच.

दुसरी जागा परिणामाच्या आकाराची. लेखकांनी स्वतःच परिणाम लहान असल्याचं म्हटलं आहे. त्याच वेळी ते दाखवतात की, बालपणी घरापासून दूर संस्थेत किंवा दुसऱ्यांकडे ठेवल्या गेलेल्या मुलांमध्ये दिसतो तेवढ्याच तोलाचा हा परिणाम आहे. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची असतात. उद्धृत करताना मात्र सोयीचं एकच उचललं जातं.

दुसरा पेपर : जुळ्यांची तुलना

सिंघम आणि सहकाऱ्यांचा पेपर 2017 मध्ये ‘जामा सायकिअ‍ॅट्री’त आला. इंग्लंड आणि वेल्समधली 11,108 जुळी मुलं. कल्पना सोपी आणि सुंदर आहे. एकरूप जुळ्यांची जनुकं सारखी, घर एक, आईवडील एक. त्यातल्या एकीला शाळेत जास्त त्रास झाला, दुसरीला कमी, आणि जास्त त्रास झालेलीच अधिक चिंताग्रस्त निघाली, तर जनुकं किंवा घर हे कारण देता येत नाही. तिसरी शक्यता बरीचशी बाद होते. ‘मुळे’च्या सगळ्यात जवळ जाणारी ही पद्धत, म्हणूनच हा पेपर तुमच्या वाचनात असलाच पाहिजे.

निष्कर्ष काय? अकराव्या वर्षी झालेल्या त्रासाचा त्याच वेळच्या चिंता, नैराश्य, अतिचंचलता आणि वर्तनाच्या प्रश्नांशी संबंध या कडक कसोटीवरही टिकला. चिंतेवरचा परिणाम दोन वर्षांनी कमी झालेला दिसला, पाच वर्षांनी दिसेनासा झाला. पण संशयी विचार आणि विचारांतला विस्कळीतपणा यांच्यावरचा परिणाम पाच वर्षांनंतरही शिल्लक होता.

लेखकांनी यातून मुलांच्या लवचीकतेचा, म्हणजे सावरण्याच्या क्षमतेचा, आशादायक मुद्दा काढला. माझी खरी हरकत इथे आहे.

सावरण्याची क्षमता मोजलेलीच नाही. परिणाम दिसेनासा झाला, एवढंच दिसलं. तो का दिसेनासा झाला याची निदान तीन स्पष्टीकरणं संभवतात. मुलं खरोखर सावरली, हे एक. दुसरं संख्याशास्त्रीय आहे. दोन जुळ्यांच्या गुणांतला फरक घेतला की मापनातली चूक वाढते आणि परिणाम शून्याकडे ओढला जातो. त्यामुळे ‘आढळला नाही’ म्हणजे ‘नाही’ असं होत नाही. तिसरं स्पष्टीकरण शाळेच्या रचनेत आहे. इंग्लंड-वेल्समध्ये साधारण अकराव्या वर्षी मुलं प्राथमिक शाळा सोडून माध्यमिकमध्ये जातात. वर्ग बदलतो, सोबती बदलतात, त्रास देणारा कदाचित दुसऱ्याच शाळेत जातो. मग सावरलं कोण? मूल, की त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलली?

हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात कितीतरी मुलं पाचवी ते दहावी एकाच हायस्कूलमध्ये असतात, बऱ्याचदा एकाच तुकडीत, त्याच गावात आणि त्याच एसटीत. ज्याला पाचवीत टोपणनाव पडलं त्याचं ते दहावीपर्यंत सुटत नाही. तिकडे पाच वर्षांत ओसरलेला परिणाम इकडेही ओसरेल असं गृहीत धरायला काहीही आधार नाही. तो तपासणं हा एक उत्तम संशोधन प्रश्न आहे, आणि तो कोणी हाती घेतला तर मला आनंद होईल.

आणखी एक. पेपरच्या शीर्षकात ‘बुलिंग’ आहे, पण वापरलेली प्रश्नावली विचारते की शारीरिक, शाब्दिक, सामाजिक आणि वस्तूंच्या नुकसानीचे अमुक प्रकार तुझ्या बाबतीत किती वेळा घडले. ताकदीच्या असमतोलाबद्दल तीत प्रश्न नाही. ओल्वेउस यांची तिसरी अट इथे गळून पडली. बरोबरीच्या दोन मुलांची भांडणंही त्यात मोजली जाऊ शकतात. भारतात ही अट गाळणं जास्तच महागात पडतं, कारण आपल्याकडे असमतोल नेहमी अंगातल्या ताकदीचा नसतो. तो आडनावाचा, भाषेचा, रंगाचा, फीसवलतीचा असतो. दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीचा 2007 चा अहवाल वाचा. तो शाळेचा नाही आणि त्यात ‘बुलिंग’ची प्रश्नावलीही नाही, पण सोबत्यांकडून होणारा छळ आणि सामाजिक सत्ता एकमेकांत कशी गुंततात हे त्यातून कळतं.

मग हे दोन पेपर एकमेकांना खोडतात का?

नाही. पहिला वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची तुलना करतो, दुसरा एकाच घरातल्या. पहिला पालकांना विचारतो, दुसरा मुलांना. पहिला पन्नाशीपर्यंत जातो, दुसरा सोळाव्या वर्षी थांबतो. उत्तरं वेगळी, कारण प्रश्न वेगळे.

पण चुकीच्या वाचनाची किंमत मुलं मोजतात. ‘व्रण आयुष्यभर राहतात’ हे वाक्य एखाद्या समुपदेशकाने चौदा वर्षांच्या मुलीसमोर उच्चारलं, तर तिला कळतं की आपण कायमचे बिघडलो. ‘परिणाम ओसरतात’ हे वाक्य मुख्याध्यापकांच्या हाती पडलं, तर पालकांना उत्तर मिळतं: ‘वय आहे, होईल ठीक.’ दोन्ही पेपर यातलं काहीही म्हणत नाहीत. आणि दुसऱ्या पेपरचा तात्काळ परिणामाचा निष्कर्ष तर ‘होईल ठीक’च्या थेट विरोधात जातो. मूल आज त्रासात आहे, हे हस्तक्षेपासाठी पुरेसं कारण आहे. त्यासाठी ते पन्नाशीतही उदास असेल हे सिद्ध करायची गरज नाही.

हस्तक्षेपाचा पुरावा : बिहार

कारण ओळखण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे काहीतरी बदलून बघणं. इथे भारतातलाच एक महत्त्वाचा अभ्यास आहे, आणि आपल्या सिनॉप्सिसमध्ये तो क्वचितच दिसतो. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ हा प्रयोग केला. तो 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक गट केले. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला बाहेरचा समुपदेशक, काहींत तेच काम शाळेतल्याच शिक्षकाकडे, काहींत नुसता नेहमीचा कार्यक्रम. वर्षअखेर समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, बुलिंग आणि नैराश्याचे गुण कमी झाले. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र असा फरक दिसला नाही.

हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, पण त्यालाही प्रश्न विचारूया. कार्यक्रमात अनेक गोष्टी एकत्र होत्या, त्यामुळे बुलिंग कमी झाल्या‘मुळे’ नैराश्य कमी झालं असं म्हणता येत नाही. दोन्ही एकाच वेळी, शाळेच्या वातावरणामुळे बदलले असतील. दुसरं, शिक्षक अपयशी का ठरले? कामाचा बोजा, की मुलं शिक्षकाशी मोकळं बोलत नाहीत, की काही वेळा शिक्षकच त्रासाचा भाग असतात? हे आकड्यांतून कळत नाही. इथे गुणात्मक संशोधनाला भरपूर वाव आहे.

तुमच्या प्रपोजलसाठी

1. ‘मुळे’च्या जागी ‘शी संबंधित’ लिहा, आणि तुमचा आराखडा किती सांगू शकतो ते प्रामाणिकपणे नोंदवा. त्याने प्रपोजल कमजोर होत नाही. तोंडी परीक्षेत मात्र तुम्ही वाचता.

2. माहिती दोन वेगळ्या स्रोतांकडून घ्या. त्रास आणि नैराश्य दोन्ही एकाच मुलाने एकाच तासात भरलं, तर त्या दिवशीच्या मनःस्थितीने संबंध फुगतो. वर्गमित्रांकडून नावं घेण्याची पद्धतही वापरता येते, मात्र गोपनीयता सांभाळून.

3. भाषांतर हलक्यात घेऊ नका. पीटर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 14 देशांतल्या मुलांना रेघांची 25 चित्रं दाखवून विचारलं की, तुमच्या भाषेतला अमुक शब्द यातल्या कशाकशाला लागतो? शब्दाशब्दांत मोठा फरक निघाला. मराठीत ‘चिडवणं’, ‘छळ’, ‘दादागिरी’, ‘त्रास देणं’ यातला कुठला शब्द प्रश्नावलीत घालता यावर तुमची टक्केवारी ठरेल. मुख्य अभ्यासाआधी दहा-पंधरा मुलांशी बोलून घ्या.

4. नैतिक समितीचा फॉर्म शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीसोबत मुलाचीही संमती लागते. आणि एखाद्या मुलाने आत्महत्येच्या विचारांच्या प्रश्नासमोर ‘हो’ लिहिलं, तर त्याच दिवशी तुम्ही काय करणार, कोणाला सांगणार, हे आधी कागदावर हवं. शाळेजवळचा समुपदेशक, 1098 ही चाइल्डलाइन आणि 14416 ही टेलिमानस सेवा यांची माहिती सोबत ठेवा. दोनशे प्रश्नावल्या घरी नेऊन महिन्याने उघडल्या आणि त्यात असं एक उत्तर सापडलं, तर कुठलाही गुणांक त्याची भरपाई करू शकत नाही.

पुढच्या लेखात बुलिंग मोजण्याच्या प्रश्नावल्यांची तुलना करू. तोपर्यंत वरच्या दोन पेपरांच्या पद्धतीचे विभाग मुळातून वाचा. सारांश वाचून उद्धृत करू नका.