पुराव्यातला टॉवेल, बाजारातला टॉवेल : नानावटी खटला आणि वृत्तपत्राने घडवलेली कीर्ती

‘रुस्तम’ हा सिनेमा कोणी पाहिला आहे, असे वर्गात विचारले की बरेच हात वर होतात. त्या सिनेमामागच्या खऱ्या खटल्यात ज्याचा खून झाला त्याचे नाव काय, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मारणाऱ्याचे नाव मात्र कोणीतरी सांगतेच. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. माध्यमे आणि समाज हा विषय निघाला की सुरुवात मी या शांततेपासून करतो. साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही मारणारा लक्षात राहतो आणि मेलेला विसरला जातो, हे कसे घडले? या टिपणात आपण तेवढाच प्रश्न तपासणार आहोत.

१. खटला थोडक्यात

२७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत भारतीय नौदलाचे कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांनी प्रेम आहुजा या व्यापाऱ्याला गोळ्या घातल्या. आहुजा हे नानावटी कुटुंबाचे परिचित होते. आपले त्यांच्याशी संबंध आहेत, अशी कबुली नानावटींच्या पत्नीने त्याच दिवशी दिली होती. (त्या बाईंनी प्रसिद्धी कधी मागितली नव्हती, म्हणून त्यांचे नाव इथे घेतलेले नाही.) नानावटींनी पत्नीला आणि मुलांना सिनेमागृहात सोडले आणि ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी तिथून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. आधी ते आहुजांच्या कचेरीत गेले, मग घरी. आहुजा नुकतेच अंघोळ करून आले होते आणि कमरेला टॉवेल गुंडाळलेला होता. गोळीबारानंतर नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या, असा बचाव सत्र न्यायालयात मांडला गेला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. न्यायाधीश आर. बी. मेहता यांना हा निर्णय पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये महाराष्ट्राच्या तेव्हाच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. १९६८ मध्ये ते कुटुंबासह कॅनडाला गेले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

२. साप्ताहिकाने काय केले?

रुसी करंजिया यांचे ‘ब्लिट्झ’ हे मुंबईचे इंग्रजी साप्ताहिक. भडक मथळे आणि सत्ताधाऱ्यांवर तुटून पडणारी भाषा ही त्याची ओळख. या खटल्यात ब्लिट्झने उघडपणे नानावटींची बाजू घेतली आणि पुढे माफीची मागणीही लावून धरली. एरवी पंचवीस पैशांना मिळणारा अंक त्या दिवसांत दोन रुपयांना विकला जात होता, असे सांगितले जाते.

या बातमीदारीतल्या तीन गोष्टी आपण वेगळ्या काढून पाहू.

पहिली गोष्ट भूमिकांचे वाटप. नानावटी म्हणजे देशाचे रक्षण करणारा, वारंवार समुद्रावर असणारा अधिकारी. आहुजा म्हणजे पैसेवाला, चैनी, दुसऱ्याच्या घरात शिरणारा माणूस. पत्नी म्हणजे चुकलेली आणि पश्चात्ताप करणारी स्त्री. अशी वाटणी झाली की वाचकाला साक्षीपुरावे वाचण्याची गरजच राहत नाही. कोण कोणाशी कसे वागेल हे त्याला आधीच ‘माहीत’ असते.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. साप्ताहिकाला दर आठवड्याला नवे काहीतरी द्यावे लागते आणि खटलाही साक्षीमागून साक्ष असा तुकड्यातुकड्यानेच पुढे जातो. दोन्हींचा मेळ छान बसतो. मालिकेचा प्रेक्षक जसा पुढच्या भागाची वाट पाहतो, तशी वाचक पुढच्या अंकाची वाट पाहू लागतो. एवढे दिवस ज्याची वाट पाहिली त्या माणसाविषयी जवळीक वाटणे स्वाभाविक आहे.

तिसरी गोष्ट वस्तूंची, आणि या टिपणाचा मुख्य मुद्दा तिच्यातच आहे.

३. एका टॉवेलचे दोन अर्थ

त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातले ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकत होते, अशी आठवण या खटल्याविषयीच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. बहुतेक जण ती गंमत म्हणून सांगतात. आपण ती जरा सावकाश वाचू.

न्यायालयाच्या दृष्टीने टॉवेल हा महत्त्वाचा पुरावा होता. दोन पुरुषांची रिव्हॉल्व्हरसाठी जोराची झटापट झाली असती, तर अंघोळीनंतर कमरेला नुसता गुंडाळलेला टॉवेल जागेवर राहिला असता का? प्रेतावर तो तसाच होता. हा मुद्दा झटापटीच्या बचावाविरुद्ध गेला. दुसरा मुद्दा वेळेचा. नानावटी घरातून निघाले तेव्हापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते. त्या अवधीत त्यांनी कुटुंबाला सिनेमाला सोडले, खोटे कारण सांगून शस्त्र मिळवले आणि आहुजांचा दोन ठिकाणी शोध घेतला. राग आवरायला एवढा वेळ पुरेसा होता, म्हणून ‘अचानक आणि गंभीर प्रक्षोभ’ ही सवलत लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

रस्त्यावर त्याच टॉवेलचा अर्थ उलटा झाला. तिथे तो आहुजांच्या चारित्र्यावरचा शेरा होता: भरदुपारी टॉवेलवर असलेला माणूस, म्हणजे बघा कसला असेल! जी वस्तू न्यायालयात आरोपीविरुद्ध बोलत होती, तीच बाजारात मेलेल्या माणसाची टिंगल करू लागली. रिव्हॉल्व्हरचेही तसेच झाले. खोटी सबब सांगून मिळवलेले शस्त्र मुलांच्या हातातले खेळणे झाले.

गुन्ह्यातून कीर्ती तयार होते ती इथे. पुरावा प्रश्न विचारतो: हे कसे घडले, केव्हा घडले, दुसरे काही घडू शकले असते का? तीच वस्तू आठवणीखातर विकली जाऊ लागली की ती प्रश्न विचारेनाशी होते, फक्त ओळख पटवते. साधा आरोपी अशा ओळखीच्या खुणांमुळे ‘आपला नानावटी’ होतो.

४. पडद्यावरची वाचने

या खटल्यावरून सिनेमे निघाले, ‘अपराध मीच केला’ हे मराठी नाटक आले आणि २०१९ मध्ये एक वेब मालिकाही झाली. दोन सिनेमांची तुलना विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

टिनू सुरेश देसाई यांचा ‘रुस्तम’ (२०१६) भडक साप्ताहिकाची थट्टा करतो. त्यातला संपादक हास्यास्पद आहे आणि अंकाची किंमत वाढत जाते तसे प्रेक्षक हसतात. पण साप्ताहिकाने केलेले भूमिकांचे वाटप मात्र सिनेमा जसेच्या तसे उचलतो आणि आणखी गडद करतो. नायक पांढऱ्याशुभ्र गणवेशात न्यायालयात उभा राहतो. त्यात नौदलाच्या खरेदीतील भ्रष्टाचाराचे उपकथानक येते आणि मेलेला माणूस देशाच्याही मुळावर उठलेला ठरतो. मूळ खटल्यात असे काही नव्हते. नायक निर्मळ राहावा म्हणून मृताला जास्त काळे करावे लागले. शेवट निर्दोष सुटकेवर होतो आणि त्यानंतरची जन्मठेप कथेच्या बाहेर राहते. प्रेक्षक घरी जातो तो ज्युरीचा निकाल घेऊन, सर्वोच्च न्यायालयाचा नव्हे.

गुलजार यांचा ‘अचानक’ (१९७३) याच घटनेवरून सुचलेला, पण वाट वेगळी. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची, आणि ते स्वतः ब्लिट्झचे दीर्घकाळचे स्तंभलेखक होते. या सिनेमातला लष्करी अधिकारी मित्राला आणि पत्नीला मारतो. डॉक्टर त्याचा जीव वाचवतात, तो कशासाठी, तर फाशी देता यावी म्हणून. सिनेमात गाणी नाहीत, टाळ्या घेणारा निकाल नाही. प्रेक्षकाला नायकाविषयी कणव वाटते, पण त्याचा जयजयकार करावा अशी जागा दिग्दर्शक कुठेच ठेवत नाही. उणीव म्हणजे पत्नीला इथेही स्वतःची बाजू फारशी मिळत नाही. या खटल्याच्या बहुतेक पुनर्कथनांत ही पोकळी आहे.

५. दुसरी बाजू

ब्लिट्झलाच सगळा दोष देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. खटला खुल्या न्यायालयात चालतो आणि त्याची बातमी देणे हा वृत्तपत्राचा हक्क आहे. ज्युरी ब्लिट्झ वाचून बहकली, असे सर्रास म्हटले जाते. परंतु तिचा निर्णय बाजूला सारताना उच्च न्यायालयाने आधार घेतला तो सत्र न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावून सांगताना झालेल्या चुकांचा. या एका खटल्याने ज्युरी पद्धत रातोरात संपली, हीदेखील दंतकथाच. खटल्यानंतरही ती काही काळ चालू होती; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिला जागा उरली नाही. नानावटींमागे नौदल आणि पारशी समाज होता, तर आहुजांच्या बहिणीमागे सिंधी समाज. माफीच्या वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी देऊन तोल सांभाळला गेला. म्हणजे साप्ताहिकाने पेटवलेल्या आगीत सरपण आधीच रचलेले होते.

आणखी एक गोष्ट नानावटींच्या बाजूने नोंदवली पाहिजे. माफीनंतर त्यांनी या प्रसिद्धीचा व्यापार केला नाही. ते देश सोडून गेले आणि निमूटपणे जगले. कीर्ती इथेच राहिली आणि त्यांच्याशिवाय वाढत गेली. अशा कीर्तीला खऱ्या माणसाची गरज नसते, कारण ती त्याला दिलेल्या भूमिकेची असते.

६. समारोप

आज टॉवेलची जागा मीमने आणि ध्वनिचित्रफितीच्या तुकड्याने घेतली आहे. एखाद्या गुन्ह्यातला फोटो तुमच्याकडे आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढे विचारा: हा फोटो मला घटनेविषयी काही सांगतो, की कोणावर हसायचे एवढेच सांगतो? दुसरे असेल तर आपण फेरीवाल्याकडून टॉवेल विकत घेत आहोत. प्रेम आहुजा कसेही असोत, त्यांना मारण्याचा हक्क कोणाला नव्हता, हे न्यायालयाने टॉवेलकडे नीट पाहून सांगितले होते.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या राज्यातील गाजलेल्या एखाद्या खटल्याची महिनाभराची कात्रणे जमवा. आरोपी, मृत व्यक्ती आणि साक्षीदार यांच्यासाठी वापरलेल्या विशेषणांची यादी करा. भूमिकांचे वाटप केव्हा पक्के झाले?

२. ‘रुस्तम’ आणि ‘अचानक’ या दोन सिनेमांचे शेवट प्रेक्षकाला न्यायाविषयी कोणत्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात?

३. खुल्या न्यायालयाची बातमी आणि आरोपीचे उदात्तीकरण यांतली सीमारेषा तुम्ही कुठे आखाल? एक उदाहरण देऊन लिहा.